बाठ्याला किती गर ठेवायचा

आमच्या घरात त्यागाचं खातं बाबांच्या नावावर होतं. आंब्याच्या दिवसांत तरी नक्कीच.

रात्रीची जेवणं आटोपली की बाबा जमिनीवर जुना पेपर पसरायचे. त्यावर परात, शेजारी बादली, आणि बादलीत दुपारपासून बुडवून ठेवलेले चार आंबे. मग खांद्यावरचा पंचा मांडीवर घ्यायचा आणि सुरी चालवायची. एका आंब्याच्या दोन फोडी, एक बाठा. फोडी आम्हा तिघा भावंडांना आणि आईला. बाठे बाबांना. "तुम्ही खा रे पोटभर," ते म्हणायचे, "मला काय, बाठा पुरे." हे वाक्य ते अशा काही आवाजात म्हणत, की 'माझे वडील' हा निबंध मी दर वर्षी त्याच वाक्यावर संपवायचो आणि दहापैकी सात गुण घेऊन घरी यायचो.

मी सातवीत असताना ऐन मे महिन्यात बाबांना जमिनीच्या कामासाठी गावी जावं लागलं आणि सुरी माझ्या हातात आली. पहिल्याच आंब्याला मला कळलं, की सुरी बाठ्याला घासून चालवायची की बोटभर लांबून, हे सर्वस्वी कापणाऱ्याच्या मनावर असतं. बाबांच्या फोडी आठवल्या. त्या इतक्या पातळ असायच्या, की चमचा जरा जोरात लावला तर सालीचा तुरटपणा जिभेला लागायचा. आणि बाबांचा बाठा? तो त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागे. कोय म्हणजे नुसतं बी. बाठा म्हणजे तिच्याभोवती जे काही ठेवलेलं असतं त्यासकट. बाबांनी पुष्कळ ठेवलेलं असायचं. त्याग होता, नाही कसं म्हणू, पण त्याला गर भरपूर होता.

मी हे कोणाला सांगितलं नाही. बाबा परत येईपर्यंतचे चार दिवस मीही बाठेच खाल्ले. "तुम्ही फोडी खा, मला काय," असं धाकट्या भावंडांना म्हणताना आवाज बाबांसारखा लागायला मात्र दोन दिवस गेले.

आता मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. डोंबिवलीत दोन बेडरूमच्या घरात आम्ही सहा माणसं राहतो. आई-बाबा, मी, बँकेत नोकरी करणारी माझी बायको, एकोणीस वर्षांचा थोरला आणि दहा वर्षांची धाकटी. एकत्र कुटुंब कसं टिकतं, असं मला ऑफिसातली तरुण मुलं अधूनमधून विचारतात. मी त्यांना सांगतो, मेमध्ये घरी या. एक पेटी आणि सहा माणसं यांचा हिशोब ज्याला बघवेल, त्याने खुशाल लग्न करावं.

पेटी देवगडहून येते. तिथल्या एका बागायतदारांशी बाबांची चाळीस वर्षांची ओळख आहे. पूर्वी पेटी एस. टी.च्या टपावरून यायची. आता टेम्पोने दादरपर्यंत येते आणि दादरपासून डोंबिवलीपर्यंत माझ्या खांद्यावरून. बागायतदार फोनवर दर वर्षी दोनच वाक्यं बोलतात. "यंदा माल कमी आहे" आणि "तुम्ही म्हणून देतो". यंदा मोहोर गळला, गेल्या वर्षी अवकाळीने धुतला, त्याआधी तुडतुडा पडला, त्याआधी थंडीच नीट पडली नव्हती. गेल्या चाळीस वर्षांत देवगडात माल भरपूर आला असं एकही वर्ष उगवलेलं नाही आणि आमची पेटी एकाही वर्षी चुकलेली नाही.

पाच डझनांची पेटी म्हणजे साठ आंबे. एकेक पाव किलोचा धरला तरी पंधरा किलो. एवढं ओझं घेऊन संध्याकाळी दादरला लोकलच्या नेहमीच्या डब्यात शिरायचं धाडस ज्याच्यात असेल त्याने एव्हरेस्टकडे जावं. मी मालडब्यात चढतो. तिथे मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या बायका असतात. गेल्या वर्षी त्यांतल्या एकीने माझ्या पेटीकडे बघून विचारलं, "कितीला दिली रं?" मी आकडा सांगितला. तिने शेजारणीला सांगितला. शेजारणीने पलीकडच्या जोडे शिवणाऱ्या मामांना सांगितला. ठाण्यापर्यंत अख्खा डबा माझ्याकडे, एखाद्याच्या घरी काहीतरी वाईट घडल्यावर बघतात तसा बघत होता. उतरताना तीच बाई पेटीला हात देत म्हणाली, "जाऊ दे. पोरं खातील." तेवढ्या एका वाक्यावर मी दोन जिने चढलो. लिफ्ट बंद होती, हे सांगायला नकोच.

घरी पेटी दिवाणाखाली जाते, आणि तिथून पुढचे पंधरा दिवस तो दिवाण म्हणजे अतिदक्षता विभाग. पेंढ्यात निजलेल्या आंब्यांची सकाळी सहाला बाबांची फेरी, आंघोळीनंतर आईची, ऑफिसला निघताना माझी. बाबा रंगावरून ठरवतात. आई देठाशी नाक नेते. मी दोघांच्या मधोमध उभा राहून "उद्या होईल" म्हणतो. बोटाने दाबून बघायला घरात सक्त मनाई आहे आणि प्रत्येक आंब्यावर सहा वेगवेगळ्या मापांच्या अंगठ्यांचे ठसे आहेत.

गेल्या वर्षी धाकटीने चौथीच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक हिशोब मांडला. साठ आंबे भागिले सहा माणसं, प्रत्येकी दहा. तिने तो फ्रिजवर लावला. आजीने चष्मा लावून वाचला आणि पेन मागून घेतलं.

देवापुढे एक. पुण्याच्या आत्याला एक डझन. तिला पाठवले नाहीत तर ती काही म्हणणार नाही, पण दिवाळीत म्हणेल. शेजारी दोन घरं, प्रत्येकी दोन. कामाच्या मावशींना चार, त्यांच्या घरी नातू आलाय. वॉचमनला दोन, पेटी वर आणायला मदत केली नाही तरी करेन म्हणाला होता. खराब निघणार सहा. साका निघणार तीन. बेरीज बत्तीस. उरले अठ्ठावीस. त्यातले अठरा रविवारच्या रसाला. राहिले दहा. दहा भागिले सहा, एक पूर्णांक दोन तृतीयांश.

"दोन तृतीयांश आंबा म्हणजे किती?" धाकटीने विचारलं.

"बाठा सोडून," मी म्हणालो. बाबा पेपरमागे खोकले.

साक्याचं सांगायला हवं. साका म्हणजे आंबा बाहेरून राजबिंडा आणि कापला की आत पांढरट, भुसभुशीत, आंबूस. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. अभ्यासक सांगतात, की यामागे कोयीचा हात असतो. ती आत बसल्या बसल्या, फळ झाडावर असतानाच रुजायच्या तयारीला लागते आणि भोवतालचा गर बिघडतो. मी ही माहिती नेमकी ज्या रात्री जेवताना सांगितली, त्याच दिवशी थोरल्याने 'मी मित्रांबरोबर रूम घेऊन राहू का' असं विचारलं होतं. परातीत साका, ताटाशी थोरला. चार जणांनी आधी आंब्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "मी काय केलं?" तो म्हणाला. आईने त्याच्या वाटीत गुपचूप एक चांगली फोड वाढली. रूमचा विषय जूनपर्यंत निघाला नाही.

बाबांना या शास्त्रात रस नाही. त्यांचा विश्वास कलमावर. हापूसची कोय पेरली तर त्या झाडाला हापूसच लागेल याचा भरवसा नसतो, म्हणून कलमं बांधतात. ही कलमांची विद्या आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी वाढवली आणि हापूस हे नावही त्यांच्या अफोन्सो दि अल्बुकर्कवरून आलं असं सांगतात. बाबांनी या सगळ्या इतिहासाचा उपयोग आयुष्यात एकदाच केला. माझा दहावीचा निकाल हातात घेऊन खिडकीबाहेर बघत ते म्हणाले होते, "हापूसच्या कोयीला हापूस येत नाही."

पण आमच्या घराचं खरं संविधान एका ओळीचं आहे. डाग पडलेला आधी.

पेटी उघडल्यापासून तिसऱ्या दिवशी पहिले चार आंबे तयार होतात. त्यातल्या दोघांना देठाशी काळा ठिपका असतो. अर्थात ते आधी. चांगले दोन उद्यापर्यंत राहतील. उद्या त्या चांगल्या दोघांना ठिपका आलेला असतो, म्हणून ते आधी, आणि नवे तयार झालेले चार परवापर्यंत राहतील. परवा काय होतं ते सुज्ञांस सांगणे न लगे. डाग कापून टाकायचा, उरलेला वाटायचा. असं करत आम्ही लग्नानंतरची सतरा वर्षं दर मेमध्ये पंधरा दिवस हापूस खाल्ला, पण चांगला हापूस फक्त पाहिला. तो नेहमी उद्याच्या टोपलीत असायचा. शोकेसमधले सोनेरी काठाचे कप, माळ्यावरची कोरी चादर आणि तो आंबा, तिघांचाही मुक्काम उद्याकडे.

या घटनेविरुद्ध पहिला उठाव माझ्या बायकोने केला. बँकेत मार्चअखेर संपवून, एप्रिलचं ऑडिट निस्तरून ती एका संध्याकाळी साडेआठला घरी आली. पर्स टेबलावर टाकली, हात धुतले, टोपलीच्या बरोबर मधला, एकही ठिपका नसलेला, केशरी पिवळा आंबा उचलला आणि ओट्याशी उभ्या उभ्या कापला.

घरात शांतता पसरली. टीव्हीवरच्या मालिकेतली सासूसुद्धा थांबली, म्हणजे जाहिरात लागली.

"अगं, तो चांगला होता," आई म्हणाली.

"म्हणूनच घेतला, आई," बायको म्हणाली आणि अर्धी फोड आईच्या हातावर ठेवली.

आईला मधुमेह आहे. ती आंबा खात नाही. हे ती डॉक्टरांना सांगते, शेजारणींना सांगते आणि आंबा कापला जात असताना आम्हालाही सांगते. ती फक्त चव बघते. हा आंबट तर नाही ना, मुलांना बाधेल का, एवढ्यापुरती प्रत्येक आंब्याची एक चकती. सहा आंब्यांच्या चवी बघितल्या की एक आंबा होतो हे गणित धाकटीने मांडायला घेतलं होतं, पण मी वही काढून घेतली. काही हिशोब फ्रिजवर लावायचे नसतात. त्या संध्याकाळी मात्र आईने डाग नसलेल्या आंब्याची चव बघितली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "पलीकडचा उद्यापर्यंत राहणार नाही. तोही घे."

माझा न्यू जर्सीतला धाकटा भाऊ या सगळ्याला लाड म्हणतो. अमेरिकेने 1989पासून आपला आंबा बंद ठेवला होता तो 2007मध्ये पुन्हा सुरू केला, तोही विकिरण करून पाठवायच्या अटीवर. सुरुवातीचा आंबा लासलगावच्या, मुळात कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रातून निघायचा. तेव्हापासून भाऊ दर मेमध्ये फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकतो. पांढरी प्लेट, तीत एक आंबा, चार माणसांत बारा तुकडे, प्रत्येक तुकड्याला टूथपिक. खाली डॉलरमधली किंमत. आई तो फोटो मोठा करून बघते आणि विचारते, "बाठा कुठाय?" भाऊ कधीच उत्तर देत नाही. तो बाठा त्याने एकट्याने सिंकपाशी उभं राहून खाल्लेला असणार, याची मला खात्री आहे. तोही त्याच बाबांचा मुलगा.

रविवारी रस. बहीण आणि जावईबापू पुण्याहून येतात. म्हणजे जो डझन पुण्याला पाठवायचा, तो न्यायला ते स्वतः येतात आणि जाताना त्याबरोबर अठरा आंब्यांचा रसही पोटातून नेतात. जावईबापू खानदेशातले. त्यांच्याकडे रसाबरोबर पुरणपोळी. हे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या मेमध्ये गप्पांच्या ओघात एकदा सांगितलं. नुसतं सांगितलं. आईने ते मागणी म्हणून ऐकलं. तेव्हापासून आमच्याकडे रसाच्या दिवशी पुऱ्या आणि पुरणपोळ्या दोन्ही असतात. जावईबापूंना बिचाऱ्यांना पुऱ्याच आवडतात, पण सासूबाईंचं मन मोडू नये म्हणून ते तीन पुरणपोळ्या खातात आणि आई त्यांचं मन राखायला सकाळी पाचला उठून डाळ शिजत घालते. चौदा वर्षं दोघं एकमेकांसाठी हे करताहेत. मध्ये पडण्याची माझी हिंमत नाही. शिवाय मला पुरणपोळी आवडते.

जावईबापूंनी एकदा आणखी एक गोष्ट नुसती विचारली होती. "बाबा, हा नक्की देवगडचाच ना?" 2018मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढ्यांचाच तो हापूस. बाकी रस्त्यावर काय, पेटीत एक मराठी पेपर अंथरला की कर्नाटकचा आंबा देवगडचा होतो. प्रश्न रास्त होता. पण बाबांनी रागाने जेवण टाकलं नाही एवढंच. ते आत गेले, पेटीच्या झाकणाची फळी घेऊन आले आणि बागायतदारांचा शिक्का जावईबापूंच्या ताटापुढे, पापडाशेजारी ठेवला. जेवण संपेपर्यंत ती फळी तिथेच होती. जावईबापूंनी चौथी पुरणपोळी घेतली.

रस काढायचा मान आईचा. मिक्सर चालत नाही, रसाला तार राहत नाही म्हणे. हाताने पिळायचा, कोयी धुऊन घ्यायच्या, त्यात बाजारातून आणलेल्या चार पायऱ्या मिसळायच्या, कारण कापायला हापूस आणि रसाला पायरी. वर तूप की मिरपूड की दोन्ही, यावर पंधरा मिनिटं. एवढं सगळं होऊन पंगत बसते, आणि पंगत बसते म्हणजे सहा जण बसतात, आई आणि बायको उभ्याच असतात, कारण पुरी गरम लागते.

दोन वर्षांपूर्वी मला याची लाज वाटली. लाज वाटायला मला इतकी वर्षं लागली हे कबूल, पण वाटली. मी भर पंगतीतून उठलो आणि म्हणालो, "तुम्ही दोघी बसा. आज पुऱ्या मी तळणार." बहिणीने टाळ्या वाजवल्या. बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की दहावीचा निकाल बहुतेक बदलला असावा. पहिली पुरी फुगली. दुसरी फुगली. तिसऱ्या पुरीला मी मागे वळून सगळ्यांकडे हसून बघितलं, आणि पुरी जी तेलात पडली ती उंचावरून. सगळं तेल ओट्यावर, थोडं मनगटावर, बाकीचं गॅसच्या फटींमध्ये. मी मनगट नळाखाली धरून, आवाज पुरेसा खोल लावून म्हणालो, "काही नाही, तुम्ही जेवा. माझं राहू दे."

बायको ताटावरून उठली. तिने माझं मनगट बघितलं, बर्नॉल दिलं, आणि म्हणाली, "त्याग नको. गॅस पूस."

तेव्हापासून रविवारचा गॅस मी पुसतो. तिची आणखी एक सुधारणा म्हणजे पुऱ्या आता आधी तळून डब्यात ठेवतात आणि सगळे एकदम बसतात. पुरी थोडी मऊ पडते. पहिल्या वर्षी बाबा "पुरी मऊ आहे" म्हणाले. आई म्हणाली, "हो. मी पहिल्यांदाच बसून खातेय ना, मला तर छान लागतेय." त्यानंतर पुरीचा विषय संपला.

आणि सुरी. तीन वर्षांपूर्वी बाबांचा हात थरथरायला लागला, म्हणून आईने सुरी काढून घेतली आणि सुनेकडे दिली. बायको कापते ती बँकेतल्यासारखी. उधारी नाही. सुरी कोयीला घासून, खर्र आवाज करत खाली येते. फोडी जाडजूड, कोय अशी स्वच्छ की तिच्यावर नाव लिहून घ्यावं. "बाठ्यावर ठेवून काय करायचं? कोण खातं बाठा?" ती म्हणाली. बाबा काही बोलले नाहीत. बोलणार काय? चाळीस वर्षं ज्याला त्याग म्हटलं, तो आता मला परत द्या असं कोणत्या तोंडाने मागणार? घरातले वडीलधारे म्हणून पहिल्या दोन जाड फोडी त्यांच्या वाटीत पडतात. ते चमच्याने त्या खातात. सावकाश, सभ्यपणे, एखाद्या समारंभाला आल्यासारखे. पंचा खांद्यावर घडी घातलेला तसाच असतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मी पाणी प्यायला उठलो. गॅलरीत हालचाल दिसली. बाबा अंधारात स्टुलावर बसले होते. मांडीवर पंचा. तोंडाशी दोन्ही हात. कोपरापर्यंत ओघळ. दारात मी आहे हे कळल्यावर ते दचकले नाहीत, फक्त खायचे थांबले.

"डाग पडला होता," ते म्हणाले. "म्हटलं, उद्यापर्यंत राहायचा नाही."

परातीत दोन फोडी ठेवलेल्या होत्या. कागदासारख्या पातळ.

"घे," ते म्हणाले. "तू फोडी खा. मला काय."

मी खाल्ल्या. सालीचा तुरटपणा जिभेला लागला. आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो, खाली वॉचमन घोरत होता, त्याला दिलेल्या दोन आंब्यांच्या साली खुर्चीखाली पडल्या होत्या. मला बाबांना सातवीतलं सांगायचं होतं. पण मग ते म्हणाले असते, 'मला ठाऊक होतं', आणि मग मी काय म्हणालो असतो? आतून आईचा आवाज आला. "बाठा कुंडीत टाकू नका. मागच्या वर्षीचाच अजून वाढतोय तिथे." ती जागी होती. कधीपासून, ते विचारायची आमची दोघांची छाती झाली नाही.

साठातला शेवटचा आंबा फ्रिजमध्ये नऊ दिवस राहिला. मी उघडायचो, मुलांना राहू दे म्हणून बंद करायचो. मुलं आजोबांना राहू दे म्हणत. आजोबा सुनेला राहू दे म्हणत, ती दिवसभर राबते. ती आईंना म्हणायची, आणि आईला मधुमेह. सगळ्यांच्या प्रेमाने तो आंबा एका बाजूने काळा पडत चालला. दहाव्या दिवशी पहिला पाऊस आला, वीज गेली, फ्रिज बंद पडला, आणि थोरल्याने तो बाहेर काढून टेबलावर ठेवला. मेणबत्तीभोवती सहा जण.

"तू खा," मी बायकोला म्हणालो.

"तू खा."

"बाबा, तुम्ही घ्या."

"मला काय. पोरांना द्या."

"मला नको," थोरला म्हणाला. नको असलेला माणूस इतक्या जवळून आंब्याकडे बघत नाही.

"मग मी कापते," धाकटी म्हणाली.

तिने याआधी कधी सुरी धरली नव्हती. बायको पुढे झाली, पण आईने तिचा हात दाबला. धाकटीने जमिनीवर पेपर पसरला. आंब्याचा काळा भाग काढून टाकला. जीभ दातांत धरून तिने सुरी टेकवली आणि कोयीपासून चांगली लांबून, अगदी सालीच्या कडेने फिरवली. एक पातळ फोड. मग दुसऱ्या बाजूने दुसरी, तितकीच पातळ. त्या दोन फोडींचे तिने पाच तुकडे केले आणि एकेकाच्या हातावर ठेवले. मेणबत्तीच्या उजेडात माझ्या तुकड्यातून पलीकडचं दिसत होतं.

"तुम्ही सगळे खा," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "मला बाठा पुरे."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. बाबा त्या बाठ्याकडे बघत होते. चांगला गुबगुबीत होता. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि वाकून नातीच्या मांडीवर पसरला.

"दोन्ही हातांनी धर गं," ते म्हणाले. "निसटतो."